कालच्या अंधारासाठी

गेल्या वर्षी गणपतीआधी पडवीला रंग काढायचा ठरलं आणि रंगाऱ्याने भिंतीवरची सगळी खोकी उतरवायला लावली. मागे जुन्या रंगांचे एकात एक अडकलेले चौकोन निघाले. पिवळा, त्याच्यावर थोडा फिकट निळा, त्याच्यावर पांढरा. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांत स्क्रूची भोकं, आणि खाली कोब्यावर बॅटरीच्या ॲसिडने पाडलेला काळपट डाग. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात २००६ पासून किती इन्व्हर्टर आले नि गेले, याचा हिशेब कुणी वहीत ठेवला नव्हता. भिंतीने ठेवला होता.

पहिला आला तो भारनियमनाच्या ऐन भरात. वीज मंडळाच्या २००५ मध्येच तीन कंपन्या झाल्या होत्या, पण आमच्याकडे आजही लाईट जाते ती एमएसईबीचीच. मी पुण्यात नोकरीला होतो. पुण्यात २००६ च्या उन्हाळ्यात 'पुणे मॉडेल' आलं. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची आणि जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्यांच्या बिलात पडायचा. माझ्या फ्लॅटमध्ये पंखा फिरत असायचा आणि गावाहून फोनवर अण्णा सांगायचे, "आज सकाळी चार तास, आता परत गेली." ते ऐकून जी अपराधी खंत वाटली, तिच्यातून पहिला इन्व्हर्टर घेतला.

घेतला म्हणजे दुकानदाराने दिला. त्याने एकच विचारलं, "पंखे किती, ट्यूब किती?" दोन पंखे, तीन ट्यूब म्हटल्यावर ८०० व्हीएचं खोकं आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी टेम्पोत चढली. हिशेब कागदावर बरोबर होता. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून ९००. इन्व्हर्टर स्वतः थोडं खाणार. अडीचशे वॅटचा लोड तीन तास निघायला हवा होता. पहिला महिना निघालाही. पण त्या माणसाने विचारलंच नाही की लाईट असते तेव्हा किती असते. दिवसाचे आठ-दहा तास नाही, आणि असते तेव्हा १७० व्होल्टवर कण्हत. बॅटरी एकदाही पोटभर चार्ज झाली नाही. अर्धपोटी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी आतून पांढरी पडत जाते, प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. आई डिस्टिल्ड वॉटर नेमाने घालायची, तरी दोन वर्षांत तीन तासांची चाळीस मिनिटं झाली. शिवाय तो स्क्वेअर वेव्ह होता. त्याच्यावर पंखा असा घोंघावायचा की अण्णा म्हणायचे, लाईट गेल्याचं कळायला दिवा बघायला नको.

त्याची जागा साइन वेव्हवाल्याने घेतली. घोंघावणं गेलं, एवढंच. त्याचा शेवट पालीने केला. ऊब असते म्हणून ती आत शिरली आणि बोर्डावर दोन टोकांना चिकटून गेली. कोकणात इन्व्हर्टर मरण्याची ही राजमान्य रीत आहे. दुरुस्ती करणाऱ्याने खोकं उघडून वर न बघताच विचारलं, "पाल की मुंग्या?"

मग २०१५ चा पॅनल. भारनियमन तोवर पुष्कळ ओसरलं होतं, पण पावसाळ्यात फांदी पडली की दोन-दोन दिवस अंधार ठरलेला. म्हटलं, बॅटरी उन्हावर चार्ज करू. एका ओळखीच्याकडे २५० वॅटचा पॅनल स्वस्तात मिळाला आणि त्याला साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर जोडला. त्यातून कधी ११० वॅटच्या वर काही आलं नाही. दोन महिने मी पॅनल पुसत बसलो, नंतर समजलं. तो पॅनल होता ३० व्होल्टला काम करणारा, लाईनला जोडून चालणाऱ्या ऑनग्रिडसाठी बनवलेला. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे एक स्विच, तो पॅनलला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणून बसवतो. अँपिअर तेवढेच, सव्वाआठ. व्होल्ट निम्म्याहून कमी. उरलेलं ऊन छपरावरच जिरत होतं. एमपीपीटी कंट्रोलर असता तर त्याने जादा व्होल्टांचे अँपिअर करून दिले असते. तो महाग म्हणून टाळला होता, आणि टाळून वाचवलेले पैसे अर्ध्या पॅनलच्या रूपात रोज गच्चीवर दिसत होते.

त्याच वर्षी राज्याच्या वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौरविजेसाठी नेट मीटरिंगचे नियम काढले. दिवसा जादा झालेली वीज लाईनवर सोडायची, रात्री परत घ्यायची, आणि मार्चअखेर हिशेब. गावात ही बातमी पोचायला तीन वर्षं लागली. २०१८ मध्ये मागच्या दोन खोल्यांच्या स्लॅबवर आम्ही सव्वातीन किलोवॅट बसवले. ३२५ वॅटचे दहा पॅनल एका माळेत, आणि पडवीत ३ किलोवॅटचा ऑनग्रिड इन्व्हर्टर. बॅटरी नाही. विकणारा म्हणाला, "काका, आता बॅटरी कशाला? आता लाईनच तुमची बॅटरी." वाक्य फार गोड होतं. नेट मीटर लागायला पाच महिने गेले, पण लागल्यावर बिल स्थिर आकारापुरतं यायला लागलं आणि अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बिल दाखवायला लागले. दुपारी तीननंतर शेजारच्या आगरातल्या माडाची सावली दोन पॅनलवर यायची. माळेतला सगळ्यात अडलेला पॅनल बाकीच्यांनाही अडवतो, तेही तेव्हाच शिकलो. माड तोडायचा विषय आईने काढू दिला नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडला झोडपून गेलं. आमची पोफळ आडवी झाली, कौलं उडाली, वाडीतले विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले. पॅनल मात्र शाबूत. दापोलीच्या फॅब्रिकेटरने जाड अँकर मारले होते, ते धरून राहिले. एकावर झाप पडून तडा गेला, बाकी नऊ चौथ्या दिवशी लख्ख उन्हात चमकत होते. आणि घरात एक दिवासुद्धा लागत नव्हता.

लाईट यायला महिन्याला चार दिवस कमी लागले. आमच्यापेक्षा जास्त दिवस अंधारात काढलेल्या वाड्या होत्या. मी लॉकडाऊनमध्ये पुण्यात अडकलेला, आणि अण्णांचा फोन दोन-तीन दिवसांतून एकदा, कारण चार्जिंगला दोन किलोमीटर चालत एका जनरेटरवाल्याकडे जावं लागायचं. मोबाईलला दहा रुपये. डोक्यावर सव्वातीन किलोवॅट आणि खिशात दहा रुपये सुटे, अशी त्या जूनची आमची सौरऊर्जा.

ऑनग्रिड इन्व्हर्टर असं का करतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. लाईन मेली की त्याने दोन सेकंदांच्या आत थांबायचं असतं. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन, खालून बंद केलेल्या तारेला हात लावेल आणि आमच्या छपरावरचा करंट त्याला मारेल. नियम चोख आहे. पण त्यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती विकताना कुणी सांगत नाही. नियम नसता तरी हा इन्व्हर्टर एकटा चालला नसता. तो भजनातल्या टाळकऱ्यासारखा आहे. पखवाज वाजत असेल तर त्याच्या ठेक्यावर जोरात टाळ कुटेल, पण ठेका स्वतः धरू शकत नाही. लाईनच्या ५० हर्ट्‌झवर तो स्वार होतो. लाईन नाही तर त्याला कुठे चढायचं तेच कळत नाही. अण्णांनी हे फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सरकारी नोकर. साहेब नाही तर काम नाही."

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. पुन्हा काही दिवस तेच. तेव्हा ठरलं, आता स्वतः ठेका धरणारा हवा, म्हणजे हायब्रिड.

हे सगळं मागे वळून पाहताना एक गोष्ट सलते. दर वेळी आम्ही घेतला तो होऊन गेलेल्या अंधारासाठी. लोडशेडिंगला उत्तर म्हणून बॅटरी घेतली, ती आली तेव्हा खरी अडचण व्होल्टेजची होती. बिलाला उत्तर म्हणून ऑनग्रिड घेतला, तेव्हा वादळाचा विचार केला नाही. २०२२ मध्ये निदान प्रश्न नीट लिहून काढले. पहिला हाच की जुन्याचं काय करायचं. दोन विक्रेते, दोन सल्ले. एक म्हणाला, जुना भंगारात द्या, सगळे पॅनल हायब्रिडला जोडा. दुसरा, चिपळूणचा एक पोरसवदा इंजिनिअर, म्हणाला, चालतंय ते कशाला काढता? जुना आहे तिथेच राहू दे, तो हायब्रिडच्या बॅकअप बाजूला जोडू.

मला दुसरं पटलं. त्याची युक्ती अशी. लाईन गेली की हायब्रिड बॅटरीवर स्वतः ५० हर्ट्‌झचा ठेका धरतो. जुन्याला वाटतं पखवाज सुरू झाला, म्हणून तो मिनिटभर थांबून, खात्री करून, टाळ उचलतो. घराला लागेल ती वीज घरात, उरलेली उलटी बॅटरीत. आणि बॅटरी भरली की? तेव्हा हायब्रिड ठेका मुद्दाम जलद करतो, हर्ट्‌झ वर चढवतो, आणि ठराविक हद्द ओलांडली की जुना आपोआप बाजूला होतो. गंमत म्हणजे याच गुणाने जर्मनीची झोप उडवली होती. तिथले लाखो इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्‌झला एकदम बंद होण्यासाठी बेतलेले होते. छपरांवरची वीज वाढली तेव्हा लक्षात आलं की सगळे एकाच क्षणी थांबले तर आख्खी लाईनच कोसळेल, आणि २०१२ पासून ते एकेक करून बदलून घ्यावे लागले. जो गुण तिथे संकट ठरला, तोच आमच्या पडवीत निरोप्याचं काम करतो.

यात एक पथ्य होतं. नवा इन्व्हर्टर जुन्याहून लहान चालत नाही. घरातला लोड अचानक बंद झाला तर जुन्याची सगळी वीज एका झटक्यात नव्याच्या अंगावर येते, ती त्याला पेलायला हवी. आम्ही ५ किलोवॅटचा घेतला. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे पाच युनिटच्या थोडी वर. डिस्टिल्ड वॉटर नाही, ॲसिडचा डाग नाही. अर्थिंगसाठी मात्र तीन खड्डे करावे लागले. जांभ्याच्या कोरड्या कातळात मीठ-कोळसा घालूनसुद्धा मीटर खाली उतरता उतरेना.

जोडून झाल्यावर अण्णांनी स्वतः मेन स्विच पाडला आणि मनगटावरचं घड्याळ धरून उभे राहिले. दिवे डोळा मिटल्यासारखे लवले आणि परत लागले. जुना इन्व्हर्टर गप्प. पस्तीस सेकंद, चाळीस. साठाला त्याच्यावरचा हिरवा दिवा लागला. अण्णा काही बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वीचे सव्वीस दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत.

विहिरीवरच्या दोन हॉर्सपॉवरच्या पंपाने मात्र पहिल्याच संध्याकाळी सगळं पाडलं. चालताना पंप दीड किलोवॅटच घेतो, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट मागतो, आणि पाचाच्या इन्व्हर्टरला तो झटका सोसत नाही. पंप बॅकअपवरून काढला आणि टाकी मोठी बसवली. पाणी साठवणं वीज साठवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

वाढवायची वेळ आली २०२४ मध्ये. धाकट्या भावाने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, दोन एसी आले. मला वाटलं होतं, जुन्या माळेत चार पॅनल ओवले की झालं. पण सहा वर्षांत बाजार बदललेला. ३२५ वॅटचे पॅनल मिळेनात. मिळतात ते ५४० चे, १३ अँपिअर देणारे. जुने पावणेनऊचे. एका माळेत घातले तर नवे पावणेनऊवरच चालणार, आणि जुन्या इन्व्हर्टरला अकराच्या वर घेताही येत नाही. दुसरा हायब्रिड जोडीला लावावा, तर कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं, आणि जोडीला लागतो तसाच, त्याच आतल्या प्रोग्रॅमचा. बॅटरीचीही तीच कथा, दोन वर्षं वापरलेल्या लिथियमशेजारी कोरी बसवायला कंपनी तयार नाही. घेताना मी किंमत, वॉरंटी, वॅट सगळं विचारलं होतं. हे मॉडेल किती वर्षं मिळेल, हे नव्हतं विचारलं. विचारून खरं उत्तर मिळालं असतं असंही नाही.

वाचलो ते अपघाताने. हायब्रिडला पॅनलसाठी दोन स्वतंत्र तोंडं होती. सगळे जुने पॅनल जुन्याच इन्व्हर्टरवर राहिल्याने दोन्ही रिकामी होती. एका तोंडाला ५४० चे पाच पॅनल, दोनशे व्होल्टची आखूड माळ, माडाच्या सावलीपासून लांब. मंजूर भार वाढवायचा अर्ज, नेट मीटरचा नवा कागद, पुन्हा चार महिने. दुसरं तोंड अजून रिकामं आहे.

यंदा शेजारच्यांनी पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवले. ७८ हजार अनुदान, त्यामुळे त्यांना आमच्या २०१८ पेक्षा कितीतरी स्वस्तात पडलं. नारळ फोडायला आम्हाला बोलावलं होतं. अण्णा काठी टेकत आले, नवं खोकं न्याहाळलं आणि बसवणाऱ्या पोराला म्हणाले, "जरा मेन पाडून दाखव."

पोरगा हसला. "काका, मेन पाडलं तर हेही बंदच होणार. ऑनग्रिड आहे."

शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे वादळात?"

"वादळात आमच्याकडे यायचं," अण्णा म्हणाले. "मोबाईल चार्ज करून देऊ. दहा रुपये घेणार नाही."