दोन ल्यूट जुळवायचे तर पडदे कुठे बांधावेत?

सोळाव्या शतकातले युरोपीय संगीत दोन ल्यूटवर वाजवणारी जोडी ऐकायला गेलात, तर सुरुवातीचा बराच वेळ दोघे तारा जुळवतानाच दिसतील. सतार ऐकणाऱ्यांना यात नवल नाही. पण त्यांची अडचण नुसत्या खुंट्या पिळून सुटत नाही. पडदे कुठे बांधले आहेत, हेही पाहावे लागते.

ल्यूट हे अरबी उदचे वंशज; नावही 'अल-उद'वरूनच आले. सहा ताराजागा, त्यांतली सर्वांत वरच्या सुराची बहुधा एकेरी, बाकीच्या जोडतारा. तारा आतड्याच्या तातीच्या आणि पडदेही तातीचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. म्हणजे सतारीसारखेच सरकवता येणारे. फरक असा, की सतारीवर गत मुख्यतः एकाच तारेवर चालते, तर ल्यूटवर एकच पडदा सहाही जागांना एकाच वेळी लागू होतो. अर्धस्वर लहानमोठे ठेवले, तर एका तारेवर गोड लागणारा पडदा दुसरीवर खटकतो. म्हणून सप्तकाचे बारा समान भाग करणे सोयीचे.

समान भागांसाठी लगतच्या दोन स्वरांचे गुणोत्तर दोनचे बारावे मूळ, म्हणजे १.०५९४६ हवे. ते कारागिराने कसे मोजावे? व्हिन्चेन्झो गॅलिली (गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूटवादक) यांनी १५८१ च्या ग्रंथात सोपा उपाय दिला: गुणोत्तर १८:१७ घ्या. म्हणजे उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजायचा आणि तिथे पुढचा पडदा बांधायचा. तार ६० सेंमी असेल तर पहिला पडदा ३.३३ सेंमीवर. उरले ५६.६७, त्याचा अठरावा भाग ३.१५ सेंमी, तिथे दुसरा. असेच पुढे.

१८/१७ म्हणजे १.०५८८, किंचित कमी. बारा पायऱ्यांनंतर २ ऐवजी १.९८६ येते आणि बारावा पडदा सुमारे २ मिमी आधीच पडतो. गणिताने सूर उतरलेला हवा. पण बोटाने दाबताना तार थोडी ताणली जाते आणि सूर चढतो, त्यामुळे चूक बरीचशी भरून निघते. मला हा भाग नेहमीच आवडतो.

आता जोडीकडे येऊ. दोन ल्यूटसाठी लिहिलेल्या रचना स्पिनाचिनोच्या १५०७ च्या व्हेनिसमधल्या छापील पुस्तकातही आहेत. पुढे इंग्लंडमध्ये जॉन जॉन्सन यांनी अशा जोडरचना लिहिल्या. कधी एक वादक आधाराचे स्वर धरतो आणि दुसरा वर धावतो. कधी दोघे तेच वाक्य आळीपाळीने वाजवतात. समजा, दोघांनी दुसऱ्या पडद्यावर ४४० हर्ट्झचा स्वर काढला आणि एकाचा पडदा १ मिमी सरकलेला आहे. तारेचा कंप पावणारा भाग सुमारे ५३.५ सेंमी, तेव्हा फरक ४४० ÷ ५३५ म्हणजे ०.८ हर्ट्झ. पाच सेकंदांत चार विस्पंद. रसिकाला नेमके कारण सांगता येणार नाही, पण सूर थरथरतो आहे हे कळेल.

वसतिगृहात कुणाची गिटार असेल तर तारेची पूर्ण लांबी आणि बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. ६५ सेंमीच्या तारेवर अठराच्या नियमाने ते ३२.३ सेंमीच्या आसपास यायला हवे. तुमच्या मोजमापात किती आले?