जगाच्या कीर्दीतील मराठी अक्षर

कीर्द लिहिणारा जाणता मुनीम खाडाखोड करीत नाही. नवीन जालन्याच्या मोंढ्यात ज्यांच्या घराण्यात अडतीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांना हे सांगावयास नको. रकमेत चूक झाली तर ती खरवडून काढावयाची नसते. ज्या दिवशी ती लक्षात आली त्या दिवसाच्या मितीस उलटी नोंद करून जमाखर्च मिळवावयाचा असतो. चूकही वहीत राहते आणि दुरुस्तीही राहते. म्हणूनच वहीवर भरवसा ठेवता येतो. लाल कापडाच्या त्या चोपड्या आता बहुतेक पेढ्यांवर लक्ष्मीपूजनापुरत्या उरल्या असतील. तथापि त्यांमागची शिस्त नाहीशी झालेली नाही. ती संगणकाच्या जगात, तेही त्याच्या अगदी गाभ्याशी, जाऊन बसली आहे.

बँकेचा व्यवहार असो की हातातला फोन, त्यामागील प्रोग्राम हे एका माणसाने एका बैठकीत लिहिलेले नसतात. शेकडो माणसे, कित्येकदा निरनिराळ्या खंडांत बसून, एकाच मजकुरात फेरफार करीत असतात. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली याची कीर्द ठेवणारे जे साधन, त्याला आवृत्ती-नियंत्रण असे नाव आहे. ‘गिट’ हे त्यांपैकी आज सर्वांत अधिक वापरले जाणारे. त्याचा जन्म एका अडचणीतून झाला. लिनक्स या मुक्त प्रणालीचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ नावाच्या एका खाजगी कंपनीच्या साधनावर चालत असे. २००५ मध्ये त्या कंपनीने मोफत वापराची सवलत काढून घेतली, तेव्हा लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या आरंभी नवे साधन लिहावयास घेतले आणि थोड्याच दिवसांत त्याच साधनात त्याची स्वतःची कीर्द ठेवण्यास सुरुवात केली. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपविले. दुसऱ्याच्या वहीत आपला हिशेब ठेवणाऱ्याची काय गत होते, हे त्या एका प्रसंगाने पुष्कळांना शिकविले.

गिटची रचना जालन्याच्या माणसास समजणे अवघड नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापिली, तेव्हापासून वाणाची वंशावळ हा या शहराच्या परिचयाचा विषय आहे. कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संकर केला याची नोंद हरवली, तर उत्तम संकरित वाणही पुन्हा तसाच निर्माण करता येत नाही. गिटमधील प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीची खूण बाळगते, आणि त्या आधीच्या नोंदीला ‘पालक’ असेच म्हणतात. दोन कार्यकर्त्यांचे फेरफार एकत्र केले की त्या नोंदीला दोन पालक होतात. ही खूण म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक अंक होय. जुन्या नोंदीतील एक अक्षर जरी गुपचूप बदलले, तरी तिची खूण बदलते आणि मागाहूनच्या साऱ्या नोंदींशी तिचा मेळ बसेनासा होतो.

परंतु वही ठेवणारा मुनीमच चुकला तर? गिट हासुद्धा माणसांनीच लिहिलेला प्रोग्राम आहे आणि त्यातही दोष निघतात. या दोषांपैकी काहींचा संबंध थेट आपल्या लिपीशी पोहोचतो, ही गोष्ट मराठी वाचकांपुढे क्वचितच आली असेल.

‘शेतकऱ्यांची यादी’ हे साधे नाव घ्या. यातील ‘ऱ’ संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतात ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, तो क्रमांक, मग हलन्त, मग ‘य’, हा एक प्रकार. साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, हा दुसरा. ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांस न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह, हा तिसरा. कागदावर तिन्ही सारखेच उमटतात. यंत्राला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. त्यात पूर्वीच्या मॅक संगणकांची फाइलव्यवस्था अशी होती, की जोडून लिहिलेले अक्षर ती आपल्या मनाने सुटे करून साठवी. म्हणजे पहिल्या प्रकाराचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करी. परिणाम असा होई, की वहीत नोंदलेली फाइलच गिटला अनोळखी वाटे. युरोपीय लोकांना हा त्रास आपल्या टिंबांच्या अक्षरांमुळे झाला. त्यांनी तक्रार केली, आणि कोणा एकाने चिकाटीने दुरुस्ती लिहिली. २०१२ मध्ये ती गिटमध्ये आली. ही दुरुस्ती पहिल्या दोन प्रकारांचा मेळ घालण्याच्या जातीची आहे. तिसऱ्या प्रकाराला तिचा उपयोग नाही, कारण मुळात युनिकोडच त्याला पहिल्या दोहोंशी समान मानत नाही.

येथे कोणी म्हणेल, फाइलींना मराठी नावे द्यावीतच कशाला? संगणकाचा व्यवहार इंग्रजीत चालतो, तो तसा चालू द्यावा. हा युक्तिवाद व्यवहारी दिसतो खरा, पण तो फसवा आहे. २०१४ च्या डिसेंबरात जे उघडकीस आले ते त्याला पुरेसे उत्तर आहे. मॅकची तीच फाइलव्यवस्था नावे ताडून पाहताना शून्य रुंदीची चिन्हे जमेस धरीत नसे. गिट आपली खाजगी माहिती ‘.गिट’ या नावाच्या कप्प्यात ठेवतो. एखाद्या दुष्ट माणसाने त्याच नावाच्या मधोमध एक अदृश्य चिन्ह घालून आपला मजकूर पाठविला, तर गिटला ते निराळे नाव वाटे, मॅकला तेच वाटे, आणि परक्याचा मजकूर थेट त्या खाजगी कप्प्यात जाऊन बसे. तेथून यंत्रावर हवी ती आज्ञा चालविणे शक्य होते. मर्क्युरिअल या दुसऱ्या मुक्त साधनाच्या कार्यकर्त्यांनी आपल्याकडील हा दोष शोधला, तेव्हा तोच गिटमध्येही असल्याचे दिसून आले, आणि दोन्हीकडे दुरुस्त्या झाल्या. ज्या अदृश्य चिन्हांच्या कुटुंबावाचून मराठी, उर्दू किंवा मल्याळम लिहिणाऱ्याचे पुष्कळदा चालत नाही, त्याच कुटुंबाच्या आडून ही वाट निघाली होती. ती चिन्हे ज्यांच्या रोजच्या लेखनात येतात अशी माणसे दुरुस्ती करणाऱ्यांत अधिक असती, तर हा प्रश्न आधीच कोणी विचारला नसता काय?

दुरुस्तीची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. दोष कोठून शिरला हे शोधण्यासाठी गिटमध्येच एक युक्ती आहे. हजारएक नोंदींपूर्वी सारे ठीक होते आणि आज बिघडले आहे, एवढे ठाऊक असले म्हणजे मधली नोंद तपासावयाची. ती ठीक असेल तर पुढचा अर्धा भाग घ्यावयाचा, नसेल तर मागचा. असे दहा वेळा केले की नेमकी दोषी नोंद हाती लागते. मग दुरुस्ती लिहावयाची, आणि तिच्यासोबत अशी एक चाचणी द्यावयाची की जी दुरुस्तीपूर्वी नापास होते आणि नंतर पास होते. ही चाचणी कायम राहते. पुढे कोणी तोच दोष नकळत परत आणला तर ती ओरडून सांगते. दुरुस्तीखाली पाठविणाऱ्याचे नाव असते. इतर कार्यकर्ते उघडपणे तिची चिरफाड करतात, चार वेळा परत पाठवितात. पाठविणारा मोठ्या कंपनीचा अधिकारी आहे की तालुक्याच्या गावचा विद्यार्थी, याने कसोटी बदलत नाही. गेल्या काही वर्षांत भारतीय विद्यार्थ्यांच्या अशा दुरुस्त्या गिटमध्ये स्वीकारल्या गेल्या आहेत. चर्चा अर्थात इंग्रजीत चालते, आणि या श्रमांवर बड्या कंपन्या भरमसाट कमावतात, हा आक्षेपही खोटा नाही.

मराठी मनाला ही रीत परकी वाटू नये. हस्तलिखितांच्या नकला होता होता ज्ञानेश्वरीत अपपाठ आणि प्रक्षेप शिरले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथ्या ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. केव्हा आणि का, हेही त्यांनी प्रतीच्या शेवटी नोंदवून ठेविले, आणि पुढे कोणी आपली ओवी आत घुसडील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही दिला. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. त्यांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे; ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, इतकी त्यांची अपेक्षा कडक. प्रत बिघडू न देणे हे या भूमीत कमी प्रतीचे काम कधीच मानले गेले नाही.

आज मात्र ते तसे मानले जाते. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात नवा प्रोग्राम लिहिण्याला गुण मिळतात. दुसऱ्याने लिहिलेला दहा वर्षांचा जुना प्रोग्राम वाचून त्यातील एक दोष हुडकण्याला क्वचितच मिळतात. नवीन जालन्यातील हुशार मुलगा पदविका हाती पडताच पुण्याची गाडी धरतो, कारण संगणकाचे काम तेथेच असते अशी त्याची आणि त्याच्या वडिलांची समजूत. त्यात पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. पण गिटचा दोष दुरुस्त करण्यासाठी पुण्यास जावे लागत नाही. संपूर्ण मजकूर, २००५ पासूनच्या सर्व नोंदींसह, घरच्या यंत्रावर उतरवून घेता येतो, आणि तोही विनामूल्य.

आरंभ करावयाचा तर निमित्तही दूरचे नाही. ‘जालना’ या नावाची फाइल तयार करून गिटला तिची स्थिती विचारली, तर मूळ ठेवणीत तो ते नाव लिहून दाखवीत नाही. ३४०, २४४, २३४ असे तीन अंक म्हणजे ‘ज’. पुढे काना, ल, न आणि पुन्हा काना मिळून एकंदर पंधरा अंकांची रांग पडद्यावर उमटते. हा दोष नव्हे, जाणूनबुजून ठेवलेला संकेत आहे. एक सेटिंग बदलले की नाव नीट दिसते. पण तो जेव्हा ठरला, तेव्हा इंग्रजीबाहेरचे अक्षर ‘असामान्य’ गणले गेले. आणि २०१२ च्या त्या दुरुस्तीबरोबर जी चाचणी जोडली गेली, तिच्यात डोक्यावर दोन टिंबे असलेली युरोपीय अक्षरे होती. ‘ऱ’ त्यांत नव्हता. तो तेथे घालून पाहावयास चारदोन ओळी पुरतात.