आकाशातले वैमानिक आणि जमिनीवरची यादी

शिरूरहून दौंडकडे ज्यांनी एस्टीने प्रवास केला आहे त्यांना ठाऊक असेल की, न्हावरे मागे पडले म्हणजे दोहो बाजूंना ऊस दिसू लागतो आणि प्रवाशांच्या गप्पा उसाचा भाव, पोरांची लग्ने आणि पोरांच्या नोकऱ्या या तीन विषयांवर येऊन ठेपतात. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘साखर कारखान्यात आहे’, ‘रांजणगावला कंपनीत आहे’, नाही तर ‘दौंडला रेल्वेत आहे’ अशी उत्तरे ऐकण्याची माझ्या कानांना सवय झालेली आहे. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी या प्रश्नाला निराळेच उत्तर दिले.

“विमान चालवतो,” ते म्हणाले आणि लगेच, जणू आपण काही जास्त बोलून गेलो अशा संकोचाने, पुढे म्हणाले, “तुमचाच विद्यार्थी की सर! ओळखलं नाही का मला?”

मी ओळखले. शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यातले हे आप्पा. यांचा मुलगा अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या तासाला खिडकीतून बाहेर पाहत बसे. तो काय पाहत होता ते पुढे कळले. दौंडच्या दक्षिणेला बारामतीला वैमानिकांना शिकवणारी धावपट्टी आहे. तिथली शिकाऊ विमाने दिसली की हा मुलगा हरवून जाई. आप्पांनी जमिनीचा एक तुकडा विकला, उरलेल्यावर कर्ज काढले आणि त्याला वैमानिक केले. आता तो एका मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक होता. सारे मनासारखे झाले होते. तरी आप्पांचा चेहरा काही उजळलेला नव्हता.

“सर, त्याची कंपनी म्हणे दुसऱ्या कंपनीत जाणार. एक होणार दोन्ही. मग ही नोकरी पक्की राहती का?”

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. समास सोडवायला सांगा, सोडवीन. पण दोन कंपन्यांच्या समासात माणसाचे काय होते, हे मला कुठून ठाऊक असणार? “रविवारी त्याला घरी पाठवा,” एवढेच मी म्हणालो.

रविवारी तो आला. कोणत्या कंपनीत होता ते मुद्दामच सांगत नाही. त्या वर्षी देशात विमान कंपन्यांची दोन विलीनीकरणे झाली. एआयएक्स कनेक्ट ही कंपनी १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात. म्हणजे एकूण चार कंपन्यांतल्या वैमानिकांच्या घरी त्या उन्हाळ्यात हीच चर्चा चालली असणार.

त्याने वहीचे एक पान काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावर तीन रकाने होते : राहावे, दुसऱ्या देशी कंपनीत जावे, आखाती देशात जावे.

“यात एवढे अवघड काय आहे? जिथे पगार जास्त तिथे जा,” मी म्हणालो.

तो हसला. “सर, विमानात दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी माझी. मधे हातभर अंतर. पण ते ओलांडायला वर्षे लागतात आणि कधी ओलांडायचे ते एक यादी ठरवते.”

ही यादी म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी. वाचकहो, विमानाच्या प्रवासात आपण हवाई सुंदरीचे हसू पाहतो, खिडकीतले ढग पाहतो; पण पुढच्या बंद दाराआड बसलेल्या दोन माणसांचे सारे आयुष्य या यादीवर टांगलेले असते याची आपल्याला कल्पना नसते. कॅप्टन कधी व्हायचे, मोठ्या विमानाचे शिक्षण कोणाला आधी मिळायचे, हे बहुतेक या क्रमाने ठरते. गुणवत्ता हवीच, परीक्षाही पास व्हाव्याच लागतात. पण परीक्षेला बसण्याची पाळीच या यादीतून येते. कंपनी बदलली तर वैमानिकाने केलेले उड्डाणाचे तास त्याच्याबरोबर जातात, यादीतली जागा मात्र जात नाही. नव्या घरी तो पुन्हा शेवटचा.

शिवाय वाटेल तेव्हा उठून जाताही येत नाही. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केला, त्याप्रमाणे नोकरी सोडायची तर सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने एक वर्ष आधी कळवावे लागते.

दोन कंपन्या एक होतात तेव्हा या दोन याद्यांची एक यादी करावी लागते आणि खरे महाभारत इथेच सुरू होते. आपल्या घरातले उदाहरण घ्या. दोन चुलत घराण्यांनी एकत्र राहायचे ठरवले. एका घरची सून वीस वर्षे नांदते आहे, पण सासू कर्तीसवरती असल्यामुळे तिच्या कमरेला किल्ल्या अजून आलेल्या नाहीत. दुसऱ्या घरची सून पाच वर्षांपूर्वी आली आणि घर नवे म्हणून लगेच किल्ल्या तिच्याकडे आल्या. आता एकत्र घरात थोरली जाऊ कोणती? लग्नाची तारीख धरली तर दुसरी रुसणार, किल्ल्यांची तारीख धरली तर पहिली. आणि गंमत अशी की, दोघींचेही म्हणणे खोटे नाही. जुन्या कंपनीत सहवैमानिकाला फार थांबावे लागते. नवी कंपनी भराभर वाढत असते, तिथे माणूस लवकर कॅप्टन होतो. भरतीची तारीख धरा नाही तर कॅप्टनपदाची धरा, कोणाच्या तरी पानात कमी वाढले जाणारच.

आपल्या देशात हा प्रश्न काही नवा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन लहानशा विमानाने जुहूला उतरले, तिथून आपल्या विमान वाहतुकीची कहाणी सुरू होते. स्वातंत्र्यानंतर कंपन्या पुष्कळ झाल्या आणि बऱ्याचशा तोट्यात गेल्या. मग १९५३ मध्ये कायदा झाला आणि त्या वर्षी १ ऑगस्टला डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि एअर इंडियाचा देशांतर्गत भाग अशा आठ घरांची एक चूल झाली. तिचे नाव इंडियन एअरलाइन्स. परदेशी जाणाऱ्या विमानांची चूल वेगळी राहिली. टाटांना हे राष्ट्रीयीकरण मुळीच रुचले नव्हते. पण कामगारांच्या दृष्टीने एक गोष्ट चांगली झाली. जुन्या कंपन्यांतली माणसे नव्या महामंडळाकडे कशी जातील हे कायद्यातच लिहिले गेले. भाकरी जाणार नाही, एवढे तरी कागदावर आले.

पुढे ५४ वर्षांनी या दोन चुलीही एक झाल्या. २००७ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. नोकऱ्या गेल्या नाहीत. विमानांवर नवा रंग चढला. पण मने? दोन्हीकडच्या वैमानिकांच्या संघटना वेगळ्याच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक ‘काम सारखे तर दाम सारखे’ म्हणून सुमारे दहा दिवस संपावर गेले. हा गुंता सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. कारण काय? ‘ड्रीमलायनर’ या नव्या मोठ्या विमानाचे शिक्षण दुसऱ्या घरच्या वैमानिकांनाही मिळणार होते. आमच्या बढतीच्या वाटेत हे मधेच कुठून आले, असा त्यांचा सवाल होता. तो संप ५८ दिवस चालला आणि शंभरावर वैमानिक त्यात बडतर्फ झाले. घर एक होऊन पाच वर्षे लोटली होती, तरी जेवणाच्या पंगती दोनच होत्या.

हा इतिहास मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, “हे सगळे आम्हाला तोंडपाठ आहे सर. कॅप्टन लोक अजून सांगतात.”

मग त्याने ताजी हकीकत सांगितली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विस्तारामध्ये नव्या वेतनकरारावरून गडबड उडाली होती. पूर्वी महिन्याला ७० तासांचा पगार ठरलेला असे, तो नव्या करारात ४० तासांचा झाला. त्यापुढे जेवढे उडाल तेवढे वेगळे. एकाच वेळी अनेक वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली आणि बरीच उड्डाणे रद्द करावी लागली. निवृत्तीचे वयही दोहोंकडे वेगळे होते. विस्तारात ६०, एअर इंडियात ५८. पुन्हा तोच प्रश्न, कोणत्या घराची रीत चालायची?

“मग दुसरीकडे का जात नाहीस?”

“कारण किंगफिशर आणि जेट.”

हे दोन शब्द त्याने असे उच्चारले की, मला अधिक विचारावेसे वाटेना. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. दोन्हीकडे त्याआधी पगार थकले होते. तिथेही ज्येष्ठतेच्या याद्या होत्याच. त्या यादीत पहिला असलेला आणि शेवटचा असलेला, दोघेही एकाच दिवशी घरी बसले. तो म्हणाला, “बंद पडलेल्या कंपनीतल्या पहिल्या नंबरापेक्षा चालत्या कंपनीतला शेवटचा नंबर बरा. म्हणून आधी पाहायचे ते कंपनी टिकेल का, नंबर नंतर.”

मला त्या वेळी माझे आजोबा आठवले. ते दौंडच्या लोकोशेडमध्ये फायरमन होते. दौंड हे तेव्हा वाफेच्या इंजिनांचे गाव. मनमाडकडची लाइन इथूनच फुटते आणि बारामतीची छोटी गाडीही इथूनच निघे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी, निजामची रेल्वे आणि काही संस्थानी रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली. आजोबा सांगत, “रात्री निजलो तो जीआयपीचा माणूस, सकाळी उठलो तो मध्य रेल्वेचा. कोळसा तोच, फावडं तेच.” जीआयपी १९२५ पासून सरकारच्याच हाती होती, तेव्हा भाकरीची धास्ती नव्हती. पण चार रेल्वेंची माणसे एका यादीत येणार, आपला नंबर कुठे लागणार, ही कुजबुज शेडमध्ये पुष्कळ दिवस चालली होती म्हणतात. आजोबांनी त्यावर एकच उपाय केला. नेमणुकीच्या तारखेचा कागद पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या लुगड्यांच्या तळाशी, निवृत्त होईपर्यंत जपून ठेवला. “साहेब बदलतो, रंग बदलतो, तारीख बदलत नाही,” असे ते म्हणत.

मी ही गोष्ट सांगितली, तसा तो मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने वहीच्या पानावरचा तिसरा रकाना खोडला. “आखातात पैसा आहे, पण आप्पांना रात्री-अपरात्री काही झाले तर?” थोड्या वेळाने दुसराही खोडला. पहिल्यावर मात्र त्याने बरोबरची खूण केली नाही. तसेच ठेवले. ते मला आवडले. राहायचे ठरवले म्हणजे सारे बरे होईल असे त्याने स्वतःला सांगितले नव्हते.

दोन्ही विलीनीकरणे त्या वर्षी पार पडली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६५ केल्याची बातमी आली. ज्याचे केस पांढरे झाले आहेत त्याला सात वर्षांची शाश्वती मिळाली. पण डावी खुर्ची जितकी उशिरा रिकामी होईल तितका उजव्या खुर्चीतल्याला थांबा अधिक. कंपनीने २०२३ मध्ये ४७० नव्या विमानांची मागणी नोंदवली आहे. ती येत राहिली तर खुर्च्याही वाढतील आणि हा थांबा जाणवणार नाही. न आली तर एकाची शाश्वती ती दुसऱ्याची प्रतीक्षा, असे व्हायचे. नोकरी ‘पक्की’ या शब्दाचा अर्थ कोशात एक असला तरी यादीत प्रत्येक नंबराला तो वेगळा लागतो.

यंदा शिरूरला आप्पांच्या घरी जाण्याचा योग आला. चहा झाल्यावर मी मुद्दामच विचारले, “काय आप्पा, आता पक्की वाटते का नोकरी?”

ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. मुलाच्या नेमणुकीचे पत्र. मुलाने ते मोबाईलवर दाखवले होते, पण आप्पांना ते पटले नव्हते. त्यांनी बाजारात जाऊन त्याची छापील प्रत काढून घेतली होती.

“तुमच्या आजोबांचं सांगितलं पोरानं,” ते म्हणाले. तारखेवर एकदा बोट फिरवून त्यांनी तो कागद पुन्हा गुंडाळला आणि कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवून दिला.