ओळखीचा नाका आणि खिशातला फोन

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेला माणूस नौपाड्यातल्या गोखले रोडने स्टेशनकडे निघतो. जुन्या बारची पाटी दिसते आणि घशाला कोरड पडते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. कुकरची शिट्टी ऐकून भूक चाळवावी, तशी मेंदूने जागा, वेळ आणि नशा यांची गाठ मारून ठेवलेली असते. ही तलफ बहुधा थोड्या वेळात ओसरते. पण समुपदेशकाची भेट शनिवारी, तलफ मात्र मंगळवारी संध्याकाळी! ही फट फोन बुजवू शकतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार संपवून घरी निघालेले ३४९ दारूचे रुग्ण होते. काहींना दिलेलं अॅप जुन्या अड्ड्याजवळ जाताच सावध करी, बटण दाबताच मदत मिळवून देई. त्यांचे अतिमद्यपानाचे दिवस महिन्याला सरासरी १.३९ होते, इतरांचे २.७५.

फोन हेच आजचं व्यसन, आणि माल पुरवणाऱ्याचा नंबरही त्यातच, हा आक्षेप खोटा नाही. माणूस कुठे फिरतो याची नोंद घरच्यांच्या हाती पडली, तर आधाराची पाळत होते. म्हणून परवानगी रुग्णाचीच हवी. शिवाय अॅप फक्त घंटा वाजवतं, दार माणसालाच उघडावं लागतं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे दार उघडायला मदत करत आलं आहे. अॅप नसेल तर साधा फोनही चालतो: केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, निःशुल्क.