दुसऱ्या तारेची तक्रार

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी गिटार शिकायला बसलो, तेव्हा माझ्याजवळ एकच भांडवल होते : कान. माझी आत्या गाणे शिकवायची. तिचा मिरजेचा तंबोरा जुळवून ठेवणे हे बाराव्या वर्षापासून माझे काम होते. मला गळा नव्हता, बोटांना वळण नव्हते. पण तार किंचित उतरली तरी पलीकडच्या खोलीत कळायचे. म्हणून क्लासच्या तिसऱ्या महिन्यात सर म्हणाले, "काका, तुमची बीची तार रोज उतरलेली असते. या वयात होतं असं. ट्यूनर वापरत जा," तेव्हा मी घरी आलो आणि गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. सर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, आणि तेच अधिक लागले.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. श्रवणाचा आलेख ४००० हर्ट्झच्या पुढे खाली घसरलेला, वयाला साजेसा. त्याच्या अलीकडे जवळजवळ सरळ. गिटारची दुसरी तार बोलते ती २५० हर्ट्झच्या आतबाहेर. म्हणजे तिथे माझा कान शाबूत होता. मग ती तार रोज उतरत कशी होती? या प्रश्नामागे माझे सातआठ महिने गेले. वाजवण्यापेक्षा आकडेमोडच जास्त झाली, हेही कबूल करतो.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे मोजल्या तर ई, ए, डी, जी, बी, ई. शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते, अपवाद एकच. तिसरी जी आणि दुसरी बी यांच्यात षड्ज-गंधाराचे अंतर आहे. मी तंबोऱ्याच्या सवयीने तारा एकमेकींशी जुळवत होतो. जी हा षड्ज धरायचा आणि बी त्याच्या गंधारावर आणून सोडायची. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली, जवारी चांगली असली, की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. तो तारेच्या पाचव्या अंशातून निघतो आणि त्याचे षड्जाशी नाते ५ : ४ असे स्वच्छ असते. मी ओळखत होतो तो गंधार हा. जीची कंपने सेकंदाला १९६. त्यांची सव्वापट २४५. ट्यूनरला मात्र २४६.९४ हवी होती. सरांची 'उतरलेली' तार म्हणजे हा दोन हर्ट्झचा फरक.

आता गंमत पाहा. अशी जुळवलेली गिटार घेऊन जी कॉर्ड छेडली तर कान निवतात. दुसरी तार तिथे मोकळी वाजते आणि ती गंधार असते. लगेच ई कॉर्ड छेडली की तीच मोकळी तार पंचम होते. ईच्या जाड तारेची कंपने ८२.४१, तिच्यातून निघणारा पंचम २४७.२३. माझी तार २४५ वर. दोन्ही स्वर एकमेकांवर आपटून सेकंदाला साधारण दोन हेलकावे घेतात. शास्त्रात याला विस्पंद म्हणतात. घरच्यांनी त्याला 'रडणे' म्हटले. तार ट्यूनरप्रमाणे चढवली तर ई शांत होते, पण जीचा गंधार थरथरू लागतो. एकाच तारेला दोन घरे सांभाळायची होती आणि मी तिला माहेरीच ठेवून घेत होतो.

मूळ अडचण मला फार उशिरा उमगली. आपल्या संगीतात षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. बाकीचे स्वर त्याच्या नात्याने आपापली जागा घेतात. गिटारवर प्रत्येक कॉर्डबरोबर षड्ज बदलतो. आता जो गंधार आहे तो पुढच्या क्षणी पंचम, त्याच्या पुढच्या क्षणी मध्यम. प्रत्येक नात्यात निर्मळ राहणे एका स्वराला शक्य नाही. म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केले आणि चूक सगळ्यांना वाटून दिली. पंचमाच्या वाट्याला ती नगण्य आली. अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर दोन सेंट फक्त. गंधाराच्या वाट्याला जवळजवळ चौदा. म्हणून बाकीच्या तारा कानाने लावल्या तरी सरांना खटकत नव्हत्या. खटकत होती ती एकटी दुसरी.

हा हिशेब पडद्यांत ठोकून बसवलेला आहे. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो. पुढचा प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या सुमारे अठराव्या भागावर. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या ग्रंथात ल्यूट या वाद्यासाठी १८ : १७ हे प्रमाण सांगितले होते. आजचा आकडा १७.८१७ आहे. इतका जवळ! एक सरळ पडदा सहाही तारांखालून जातो, त्यामुळे एका तारेसाठी तो सरकवायचा म्हटला तर बाकीच्या पाच बिघडतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले. रागाप्रमाणे वरखाली करता येतात, आणि त्यांवर मुख्यतः एकाच तारेचे काम चालते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी पडदे सरकवून बसवणारे हात लहानपणापासून पाहिले होते. पडदा हलतच नाही, ही कल्पना म्हणूनच मला शिवली नसावी.

आपल्याकडे हे भांडण पेटीवरून होऊन गेले आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, श्रुतींची पेटी निघाली, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. आत्याच्या घरी पेटी होती. तिचा गंधार 'चालवून घ्यायचा' असे ती म्हणायची. गाताना स्वतः मात्र तंबोऱ्याचाच घ्यायची. गिटारवर एकट्याने वाजवणाऱ्याला ही सोय नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी वेगळी वाट काढली. गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी फिरवली, पडद्यांची सत्ताच संपवली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला हीच गिटार आहे. मलाही एकाने ती वाट सुचवली. पण मला कॉर्डच हव्या होत्या. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा यायचा, तेव्हा एका हाताच्या एका झटक्यात उभा राहणारा तो स्वरांचा जथा मी मांडवाच्या खांबाला धरून ऐकलेला आहे.

हे सगळे कागदावर मांडून सरांना दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे काका. आता जीवरून सीवर जा." तिथे माझी फजिती झाली. कान निर्दोष सुटला. बोटे सुटली नाहीत.

बोटांच्या बाबतीत वय खरेच आडवे येते. १९९५ मध्ये एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी नऊ तंतुवादकांच्या मेंदूची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांसाठीची जागा इतरांपेक्षा मोठी आढळली, आणि जितक्या लहानपणी सुरुवात तितकी ती अधिक मोठी. पण त्याच वर्षी पास्क्वाल-लिओने यांचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. पियानो न येणाऱ्या प्रौढांनी रोज दोन तास, पाच दिवस एक सोपा धडा गिरवला, तेवढ्यात बोटांचा मेंदूतला नकाशा पसरला. काहींनी वाद्य न वाजवता धडा नुसता मनात गिरवला, त्यांचाही पसरला. पहिला निबंध वाचून मी निराश झालो होतो. दुसरा वाचल्यापासून सांगली-मिरज एसटीत पिशवीच्या पट्ट्यावर डाव्या हाताने कॉर्ड धरत बसतो. कंडक्टरला सवय झाली आहे.

बोटांच्या टोकांना घट्टे महिनाभरात पडले. अनामिका आणि करंगळी यांना वेगळे वागायला शिकवणे हे खरे काम. हाताच्या पाठीवर त्यांच्या स्नायुबंधांचे लागेबांधे असतात, एक उचलली की दुसरी ओढली जाते. जीवरून सीवर जाणे पहिल्या आठवड्यात मिनिटाला सहा वेळा जमायचे, आता अठ्ठावीस वेळा जमते. क्लासमधली नऊ वर्षांची मुलगी मोजतसुद्धा नाही. तिला चौदा सेंटही ऐकू येत नाहीत. तिच्या कानाला गंधार म्हणून तोच ठाऊक आहे. मला तिचा हेवा वाटतो, आणि थोडी काळजीही.

सध्या माझी दुसरी तार २४६ च्या आसपास असते. ट्यूनरने जवळ आणायची, मग कानाने किंचित उतरवायची. जीमध्ये ती थोडी चढी लागते, ईमध्ये थोडी उतरी. सरांनी एकदा पाहिले, काही बोलले नाहीत. एफ कॉर्ड अजून आलेली नाही.