शस्त्र लागले की गाठ पसरते काय ?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गातील एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला, तेव्हा कळले की त्याच्या आजोबांच्या यकृतात गाठ निघाली आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी विनाविलंब मुंबईस जाण्याचा सल्ला दिला होता आणि अवंतिका एक्सप्रेसची तिकिटेही काढून झाली होती. परंतु रात्री घरात वडीलधाऱ्यांची बैठक बसली. कोणी म्हणाले, "गाठीला सुई लावू नका. शस्त्र लागले, हवा लागली, की ती अंगभर पसरते." दुसऱ्या कोणी शेजारच्या गावचा दाखला दिला. तिकिटे परत करण्यात आली. मधल्या सुटीत त्या मुलाने आम्हांला विचारले, "सर, हे खरं आहे का हो?"

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. "डॉक्टरांनाच विचार, बाळ," एवढेच त्या वेळी सांगू शकलो. तो प्रश्न मात्र मनातून जाईना. पुढे आम्ही ग्रंथ चाळले आणि जाणत्या वैद्यांना भेटून शंका विचारल्या. त्यातून जे उमगले, ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम यकृताची ओळख करून घेऊ. उजव्या बरगड्यांच्या आड वसलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव म्हणजे शरीराचे कोठार आणि कारखाना. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून येते, उरलेले रोहिणीतून. कर्करोगाची गाठ मात्र आपले पोषण जवळजवळ सर्वस्वी रोहिणीकडूनच घेते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण एक महत्त्वाचा उपचार त्याच्यावरच उभा आहे.

आता गाठ पसरते म्हणजे काय होते? तिच्यातील काही पेशी सुटतात, रक्तात शिरतात आणि अन्यत्र जाऊन रुजतात. यकृताची गाठ बहुधा आधी यकृतातच दुसरीकडे आणि मग फुप्फुसांत वा हाडांत पसरते. परंतु सुटलेली प्रत्येक पेशी रुजतेच असे नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज शस्त्रवैद्याने १८८९ साली यासाठी बीज आणि भूमी यांचा दृष्टान्त दिला. वाऱ्यावर बी चहूकडे उडते, पण उगवते ते मानवेल त्या मातीतच. मालव्याच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या मुलांना हे निराळे सांगावयास नको.

असे असता, उपचारांमुळे ही पेरणी होऊ शकते काय? प्रामाणिक उत्तर असे की, क्वचित् होऊ शकते. वैद्यांनी ही गोष्ट लपविलेली नाही. उलट तिचा कसून शोध घेतला आहे.

सुईचेच घ्या. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना सुईच्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात. जुन्या पाहण्यांत असे शंभरांत दोन-तीन रुग्णांमध्ये आढळले. म्हणूनच ज्याचे यकृत आधीपासून आकसून कठीण झाले आहे, अशा रुग्णाचे निदान पुष्कळदा सुई न टोचता, शिरेतून औषध देऊन काढलेल्या स्कॅनवरूनच केले जाते. गाठ जाळण्यासाठी तापविलेली सुई वापरतात, तेव्हा ती बाहेर काढताना तिची वाटही भाजून घेतात. मात्र गाठीच्या कडेला अर्धवट भाजलेल्या पेशी उरल्या, तर त्या अधिक आक्रमक होऊ शकतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. यास्तव गाठीसभोवतालचा निरोगी भागही थोडा जाळावा लागतो.

शस्त्रक्रियेत गाठ हाताळली गेल्याने काही पेशी रक्तात सुटू शकतात. त्यासाठी कुशल शस्त्रवैद्य शक्य तेथे त्या भागाच्या रक्तवाहिन्या आधी बांधतो आणि गाठ शक्य तितकी कमी हलवितो. यकृताला आणखी एक अद्भुत वरदान आहे. त्याचा मोठा भाग कापला तरी उरलेला भाग काही दिवसांतच वाढू लागतो. पण या वाढीसाठी शरीर जे संदेश सोडते, ते मागे राहिलेल्या सूक्ष्म गाठींच्याही कानी पडतात. शेतात घातलेले पाणी पिकाला मिळते, तसे तणालाही मिळते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने पुनःपुन्हा तपासणी करून घेणे अगत्याचे असते.

तिसरा उपचार रोहिणीचा. मांडीच्या वा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन गाठीतच औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. या कामी पुष्कळदा अयोडीनयुक्त खसखशीचे तेल वापरले जाते. आपल्या शेजारी मंदसौर-नीमचच्या शेतांत अफूच्या बोंडांतून जी खसखस निघते, तिच्याच जातीच्या बियांचे हे तेल! निरोगी यकृत नीलेच्या रक्तावर तग धरते, गाठीची मात्र उपासमार होते. पण उपाशी गाठीतील ज्या पेशी मरत नाहीत, त्या प्राणवायूसाठी धडपडतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना आमंत्रण देणारी द्रव्ये सोडतात. त्या वाहिन्या रोगाच्या वाढीला आणि प्रसाराला वाट करून देऊ शकतात. या उपचारातील हा खरा धोका होय.

मग हा उपचार टाकून द्यावा काय? बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन चाचण्यांनी २००२ साली याचे उत्तर दिले. निवडक रुग्णांमध्ये, हा उपचार घेतलेले लोक न घेतलेल्यांहून अधिक काळ जगले. पुढे नव्या रक्तवाहिन्यांना अटकाव करणारी आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागविणारी औषधे जोडीला देण्यात आली. २०२४ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत या जोडणीमुळे रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा काळ सुमारे ८ महिन्यांवरून १५ महिन्यांवर गेला. धोका ओळखला, म्हणूनच त्यावर इलाज शोधता आला.

यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही असेच घडले. परके यकृत शरीराने स्वीकारावे म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. त्यामुळे लपून राहिलेल्या पेशींचे फावते. मिलान येथील वैद्यांनी १९९६ साली नियम घालून दिला की, एकच गाठ असल्यास ती ५ सेंटीमीटरपर्यंत, अथवा फार तर तीन गाठी आणि त्यांतील प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत असावी. असे ४८ रुग्ण निवडले असता चार वर्षांनी शंभरांत ७५ या प्रमाणात ते हयात होते. सारांश, लहान गाठ वेळीच सापडली तर बाजी जिंकता येते.

मग 'शस्त्र लागले आणि रोग पसरला' ही समजूत रूढ कशी झाली? आमच्या मते हा कावळा बसण्याचा आणि फांदी मोडण्याचा न्याय आहे. आपली माणसे शेवटच्या घटकेला रुग्णालय गाठतात. पोट उघडावे तो रोग आधीच पसरलेला असतो. रुग्ण दगावतो आणि दोष शस्त्राच्या माथी बसतो. हवेचा तर येथे काडीमात्र संबंध नाही. उपचारातील धोका थोडा असतो आणि त्यावर पहारा ठेवता येतो. उपचाराविना वाढणाऱ्या गाठीवर मात्र कोणाचाच पहारा नसतो.

या भयाशी झुंजणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे सांगताना अभिमान वाटतो. मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. आमच्या गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस तेथे शस्त्रवैद्य होते. त्या रुग्णालयाजवळील रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. आम्ही घरी कोकणी बोलणारे. आमच्या भाषेत भयाला 'भंय' म्हणतात. कर्करोगाचे नाव काढताच माणसे गप्प होत, त्या काळात या मंडळींनी ते भंय बाजूस सारून रोगाकडे डोळे उघडून पाहिले.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे, यकृताचा कर्करोग बऱ्याच अंशी टाळता येतो. हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे होणारी यकृताची दीर्घ व्याधी हे त्याचे एक मोठे कारण आहे. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना त्याची लस देण्यास आरंभ केला आणि पुढे तेथील मुलांमधील हा कर्करोग ठळकपणे कमी झाला. आपल्या देशात २०११ पासून ही लस सर्वत्र सरकारी लसीकरणात आली आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत तिची पहिली मात्रा द्यावयाची असते. बुरशी लागलेले धान्य हे दुसरे कारण. १९७४ साली मालव्याच्या पश्चिमेस बांसवाडा आणि पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशीचा मका खाल्ल्याने यकृत बिघडून शंभराहून अधिक माणसे दगावली. ते तात्काळ विषबाधेचे बळी होते. तेच विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले, तर कर्करोगाला निमंत्रण मिळते. तेव्हा ओल लागलेले शेंगदाणे वा मका निवडून नव्हे, तर टाकूनच द्यावा. मद्याविषयी तर वेगळे सांगणे नलगे.

त्या मुलाचे आजोबा अखेर मुंबईस गेले, पण तीन महिन्यांनी. तोवर गाठ मोठ्या नीलेत शिरली होती आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. पावसाळ्यापूर्वीच ते वारले. वेळेवर गेले असते तर वाचलेच असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु त्यांना जी संधी मिळावयास हवी होती, ती त्या रात्रीच्या बैठकीने हिरावून घेतली.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरी कधी अशी बैठक बसली, तर वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण निर्भयपणे एवढेच म्हणा, "डॉक्टरांना विचारूया. धोका किती, त्यावर उपाय कोणता, आणि काहीच न केले तर काय होईल?" हे तीन प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही ते वेळेवर शिकवू शकलो नाही. तुम्हांला शिकवीत आहोत.