कृष्णद्रव्य फुटतं का? कोलारची खाण, विश्वकिरण आणि एक साधा हिशोब

(बीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आपल्या बालाघाटातल्या सीताफळांपासून सुरुवात करतो. घरात एकच फळ आणून ठेवलं, तर ते नेमकं कोणत्या दिवशी पिकेल हे सांगता येत नाही. पण शंभर टोपल्या भरून ठेवल्या, तर आज त्यातलं कुठलं ना कुठलं पिकलेलं सापडतंच. आजचा विषय या एवढ्याच गोष्टीवर उभा आहे.

आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातले तारे ज्या वेगाने फिरतात, तो वेग दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाला आवरणारा नाही. म्हणजे तिथे न दिसणारं काहीतरी आहे. त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी साधारण 85 टक्के हेच. ते कशाचं बनलंय हे कुणालाच ठाऊक नाही. एक शक्यता अशी, की त्याचे कण अमर नाहीत. कधीतरी फुटतात आणि त्यातून ओळखीचे कण बाहेर पडतात. याला विघटन म्हणतात.

आता अडचण बघा. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं. कृष्णद्रव्य आजही भरपूर शिल्लक आहे, म्हणजे या कणांचं सरासरी आयुष्य निदान तेवढं तरी हवंच. मग त्यांचं मरण बघायचं कसं? सीताफळांसारखं. एकाकडे बघत बसायचं नाही, भरपूर कणांवर लक्ष ठेवायचं. फरक एकच: फळ दिवसेंदिवस पिकत जातं, कण मात्र जुना होत नाही. त्याची फुटण्याची शक्यता काल होती तेवढीच आज.

पण लक्ष ठेवायचं तर शांतता हवी. आत्ता तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखादा म्यूऑन आरपार जातोय. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून हे म्यूऑन तयार होतात. हा सगळा गोंगाट. खजाना विहिरीत उतरलं की वरचा आवाज कमी होतो ना, तसंच जमिनीखाली खोल गेलं की हा गोंगाट कमी होतो.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन ही त्यातली मोठी नावं; जपानचं ओसाका सिटी आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठही सोबत होतं. खाणीत 2.3 किलोमीटर खोलीवर म्यूऑन कोट्यवधी पटींनी कमी होतात. तिथे 1965 साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची खूण नोंदवली गेली.

त्याच खाणीत काही चमत्कारिक नोंदीही मिळाल्या. मोजक्याच. एका बिंदूतून दोन-तीन कण निघाल्याच्या रेषा दिसत होत्या. त्या रेषा मागे जोडत नेल्या, तर तो बिंदू दगड आणि यंत्र यांच्यामधल्या मोकळ्या हवेत यायचा, नाहीतर यंत्राच्या पातळ भागात. न्यूट्रिनो हवेला धडकण्याची शक्यता नगण्य. मग हवेत फुटलं काय? 1975 मध्ये या गटाने नवा कण असावा असं मांडलं. परदेशात प्रयोगशाळेतल्या न्यूट्रिनोंच्या झोतांमध्ये त्याचा शोध घेतला गेला, पण सापडला नाही. विषय मागे पडला.

पुढे चेन्नईचे एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी 2014 च्या शोधनिबंधात वेगळा विचार मांडला. हा कण न्यूट्रिनोंपासून तयार झालाच नसेल तर? तो आधीपासून तिथे असलेलं कृष्णद्रव्यच असेल, प्रोटॉनच्या पाच-दहा पट जड, आणि खाणीतल्या हवेत फुटला असेल तर? मग झोतांमध्ये तो न सापडणं साहजिकच.

कल्पना देखणी आहे. पण आपण हिशोब करू. आपल्या परिसरात कृष्णद्रव्य दर घनसेंटिमीटरला साधारण प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या एक तृतीयांश धरतात. कण पाच प्रोटॉनइतका जड धरला, तर दहा मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे 6 कोटी कण होतील. सरासरी आयुष्य विश्वाच्या वयाइतकं धरलं, तर 1,380 कोटी भागिले 6 कोटी. म्हणजे अख्ख्या खोलीत सुमारे 230 वर्षांत एक घटना! काही वर्षांत मोजक्या नोंदी मिळायच्या, तर कृष्णद्रव्य तिथे कित्येक पटींनी दाट हवं.

खोली लहान पडते. मग आकाशगंगेलाच खोली केली तर? तिच्यात कुठेही कण फुटले, तर त्यातून निघालेले पॉझिट्रॉन आणि गॅमा किरण आपल्यापर्यंत येऊ शकतात. 2006 साली अवकाशात गेलेल्या पामेला उपकरणाला जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन अपेक्षेपेक्षा अधिक दिसले. अंतराळ स्थानकावरच्या एएमएस उपकरणानेही, जे 2011 पासून तिथे आहे, ते पक्कं केलं. खूप जणांना वाटलं, सापडलं! पण पॉझिट्रॉन पल्सर ताऱ्यांमधूनही येऊ शकतात. शिवाय पामेलाला प्रतिप्रोटॉन मात्र जास्तीचे दिसले नाहीत. खाणीत म्यूऑनचा गोंगाट, आकाशात पल्सरचा.

गॅमा किरणांनी आणखी एक काम केलं. फर्मी दुर्बिणीला अपेक्षित जादा प्रकाश दिसला नाही. त्यावरून असं निघतं, की कृष्णद्रव्य दिसणाऱ्या कणांत फुटत असेल, तर त्याचं आयुष्य विश्वाच्या वयाच्या कोट्यवधी पट असायला हवं. कोलारच्या कल्पनेला हा मोठाच धक्का.

व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मग कोलारच्या नोंदी चुकीच्या होत्या का?" फार चांगला प्रश्न. नोंद वेगळी आणि तिचा अर्थ वेगळा. अर्थ बदलत गेला: आधी नवा कण, मग कृष्णद्रव्य, आता पुन्हा शंका. नोंदी मात्र वहीत तशाच आहेत, कारण त्या लोकांनी न समजलेलं लपवलं नाही, छापलं. ती खाण 2001 मध्ये बंद झाली. तमिळनाडूतल्या नियोजित भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळेत मोठ्या दालनात पुन्हा बघावं, असं मूर्ती आणि राजशेखरन यांनी सुचवलं होतं. ती वेधशाळा अजून उभी राहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी ते दालन बघितलं, तर हिशोबाची वही सोबत न्या.